दुबईचे नऊ तास

बुधवार, संध्याकाळ. बोरगाव मेघे.

सोमवारी सावंगीच्या दवाखान्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. धाकटा भाऊ दुबईहून येणार नाही. आज फोनवर पुन्हा तेच : "विमानातच नऊ तास जातेत गा, दादा. दोन दिवसांच्या सुट्टीत कसं जमवू?"

नऊ तास. पाच वर्षं मी हे मान हलवत ऐकतो आहे. आज पहिल्यांदा मोबाईलवर पाहिलं. मुंबई ते दुबई, साधारण एकोणीसशे किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. आपल्याला वर्ध्याहून रेल्वेनं मुंबई गाठायलाच याच्या तिप्पट वेळ लागतो. मग उरलेले सहा तास हा काढतो कुठे? ढगात? की हा दुबईत नाहीच? नोकरी गेली असेल? की यायचंच नाही, एवढंच? आणि मी कोण, तर जगाच्या थापा पकडून दर रविवारी पेपरात खिल्ली उडवणारा! घरातले नऊ तास मात्र मुकाट गिळले.

चहा पिताना आईला सांगितलंच. ती बशीतून नजर न काढता म्हणाली, "मले माहीत हाय. शेजारच्या सुनेनं कवाच दाखवलं मोबाईलवर."

"मंग त्याले काऊन नाई बोलली?"

"बोलली असती तं त्यानं फोनबी करणं सोडलं असतं."

भावासाठी सणसणीत मेसेज लिहून ठेवला होता. पाठवला नाही. आता वेगळीच शंका छळते आहे. माझ्या कुठल्या कुठल्या थापा आई अशाच ऐकून घेत असेल?