काळ्या फोनचं कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकसष्ट, धंदा मोबाइल आणि गेमची यंत्रं दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आहे, पण ते सोमवारच्या ऑपरेशनचं. हृदयाची झडप बदलायची आहे. "बाकी काय ते उघडल्यावर कळेल," असं डॉक्टर म्हणाले. हेच वाक्य मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावं, असं वकीलबाईंनी लिहायला सांगितलं. तसं काही नाही, तरी लिहिलं.

१. राहतं घर आणि त्यातलं सामान माझ्या नवऱ्याला. भिंतीएवढा टीव्हीही त्यांचाच, तसाही तो माझ्या वाट्याला कधी आला नाही. एक विनंती: मालिका दुप्पट वेगाने बघणं सोडावं. त्यात माणसं घाईघाईने रडतात, घाईघाईने मरतात आणि हे पुढचा भाग लावतात. माझ्यासाठी तरी नेहमीच्या वेगाने रडावं.

२. दुकान मुलीला. ती गेम बनवणाऱ्या कंपनीत चुका शोधायचं काम करते, दुकानात बसणार नाही हे मला कळतं. खुशाल विकावं. मात्र फोनची कव्हरं विकणाऱ्याला विकू नये. या रस्त्यावर तशी सहा दुकानं आहेत, सातवं नको.

३. माझ्या खात्यावर विकत घेतलेले एकशे चाळीस गेम आणि साठेक सिनेमे आहेत. तेही मुलीला द्यायचे होते. वकीलबाईंनी त्याच्या अटी वाचल्या आणि म्हणाल्या, "हे देता येणार नाहीत. ते तुमचे नाहीतच, तुम्हाला हयातीपुरते वापरायला दिलेत." मी म्हटलं, "विकत घेतलेत हो मी!" तर म्हणाल्या, "तुम्ही 'मान्य आहे'वर बोट ठेवलंत ना?" ठेवलं. कोण ठेवत नाही? तेव्हा मुलीला फक्त पासवर्ड. तो ती शाळेत असल्यापासून चोरून वापरतेच आहे.

४. डाग द्यायची, सोल्डरची दोन्ही यंत्रं, सूक्ष्मदर्शक आणि बारीक स्क्रूंच्या अठ्ठावीस डब्या समोरच्या दुकानदाराला. या माणसाने माझी 'संध्याकाळपर्यंत दुरुस्त' ही पाटी जशीच्या तशी उचलली आणि माझे डोळे गेलेत असं रस्ताभर सांगितलं. मेला नतद्रष्ट आहे. पण हल्ली कंपन्या फोन असे चिकटवतात की उघडतानाच ते मरावेत, आणि तरीही उघडून दाखवणारे इथे आम्ही दोघंच उरलोय. वस्तू द्याव्यात, नमस्कार सांगू नये.

५. खालच्या खणात गिऱ्हाइकांनी परत न नेलेले सदतीस फोन आहेत. कोणीही ते चार्ज करून आत डोकावू नये. ज्याचे फोटो त्याचे.

६. आता काळा फोन. हे कलम मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

हा फोन माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. मोठे भावजी बोटीवर नोकरीला होते. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या फोनवर कॅरमचा गेम खेळत आणि भावजी आवाजी निरोप पाठवत: "राणी ढापलीस ना? आलो की बघतो तुला." असे चार वर्षांचे निरोप या फोनमध्ये होते. आठ वर्षांपूर्वी भावजी गेले. महिन्याभरात फोन चार्ज होईना, म्हणून जाऊबाई माझ्याकडे आल्या. "दुसऱ्या कोणाच्या हातात देववत नाही गं," म्हणाल्या.

बिघाड किरकोळ होता. त्याच दिवशी टेबलावर अगदी तसाच दुसरा फोन होता, जुना म्हणून विकायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून साफ करायचा. नावाच्या चिठ्ठ्या मी मागच्या झाकणावर चिकटवते. दोन्ही झाकणं काढलेली होती, बसवताना त्यांची अदलाबदल झाली. मी चिठ्ठी वाचली, पडदा पाहिला नाही आणि फोन पुसला. त्यावर आलं, 'स्वागत आहे. भाषा निवडा.' मग दुसरा फोन सुरू केला, तर त्यावर कोणा अनोळखी बाळाचा फोटो. म्हणजे पुसला गेला तो जाऊबाईंचा.

जाऊबाई आल्या तेव्हा मी म्हटलं, "ताई, आत पाणी गेलंय. सुरू होत नाही."

"पाणी कुठून जाईल?"

"घामाचंही जातं."

त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून वर जोडलं, "इथेच राहू दे. रोज नवीन मशीनं निघतात, एखाद्याने जमेल." ही आशा मी लावली. तेव्हापासून बाजारात नवीन काही आलं की त्या दारात हजर. "जळलेल्या फोनमधलंही काढतात म्हणे आता. बघतेस?" मी म्हणते, बघते.

सध्या आवाज बनवणाऱ्या यंत्रांचं खूळ आहे. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग द्यायचं, की गेलेलं माणूस तुमच्याशी बोलतं, गेमसुद्धा खेळतं. जाऊबाईंनी तिथे नाव नोंदवलं आहे. परवा म्हणाल्या, "तुझं ऑपरेशन झालं की फोन मीच तिकडे नेते. तुला तरी किती त्रास द्यायचा!" तिथला कोणीही पाच मिनिटांत सांगेल की यात पाणी कधी गेलंच नाही, हा हाताने पुसलेला आहे. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाही, तर हे त्यांना परक्याच्या तोंडून कळेल आणि चार शिव्या द्यायला मी समोर नसेन. मरणाची नाही इतकी मला याची धास्ती आहे. फोन जाळून टाकावा असंही मनात आलं. सोल्डरचं तापलेलं टोक टेकवायचा अवकाश होता. हात धजावला नाही.

७. फोनचं काय करायचं ते जाऊबाईंनी ठरवावं. तो मुळात त्यांचाच, म्हणजे या कागदात माझ्याकडून त्यांना काहीच मिळत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. मग जाऊबाई होऊ शकतात. साक्षीदाराला कागद वाचावा लागत नाही, सही होताना पाहिली की झालं. पण मी आधी त्यांना वाचायला देणार आहे. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. कशाला बोलावलं ते त्यांना माहीत नाही, आणि दोनदा विचारून झालं, "आटपलं का गं?" सही वेडीवाकडी आली तरी ती माझीच धरावी.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: बारा, शुक्रवार, दुपारी चार
लिहिणारीची सही

साक्षीदार पहिली: वकीलबाई. सही माझ्यासमक्ष झाली.

साक्षीदार दुसरी: थोरली जाऊ. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. सही माझ्यासमोर केली, ती तिचीच आहे. सोमवारी दवाखान्यात तिच्याबरोबर मी जाणार आहे, दुसऱ्या कोणी यायची गरज नाही. तोवर तिने माझ्याशी एक शब्दही बोलू नये.