एसी अठरावर, शेकोटी चालू

३ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. हॉलमध्ये फायरप्लेस पेटणार. अल मवालेहच्या या फ्लॅटमध्ये घरमालकाने भिंतीत शोभेचा कोनाडा करून ठेवलाय. धुराडं वगैरे काही नाही. त्यात गॅसचा इनसर्ट, म्हणजे तयार शेगडी, बसवायचा. सुगंधा म्हणाली, मस्कतमध्ये शेकोटी? माझ्या बायकोला हौस म्हणून नाही.

४ जानेवारी
दुकानात दोन प्रकार. एकाचा पाइप भिंतीतून बाहेर जातो, जळलेला गॅस घराबाहेर. दुसरा बिनपाइपचा. घरमालक अर्बाब भिंतीला भोक पाडू देणार नाही, हे मला न विचारताच ठाऊक. बिनपाइपचा घेतला. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फुकट.

७ जानेवारी
स्वतः बसवला. फिटर कशाला? सोहारच्या साइटवर अख्ख्या शिफ्टला सेफ्टी मीच शिकवतो. साबणाचं पाणी लावून गळती तपासली. एक बुडबुडा नाही. सुगंधाने मॅन्युअल वाचून दाखवलं: खिडकी उघडी ठेवा. खिडक्या तर मी धुळीसाठी उन्हाळ्यातच सिलिकॉन मारून बंद केल्यात. म्हटलं, एसी आहे ना, ताजी हवा तोच आणतो. तिने मॅन्युअल मिटलं. पटलं असावं.

९ जानेवारी
अडचण: उकडतं. तोडगा: एसी अठरावर. आता कसं, शाल घेऊन बसता येतं. ऑफिसातला स्वप्निल आणि त्याची तृप्ती जेवायला आले होते. तृप्तीचं डोकं दुखायला लागलं, गुलाबजाम न खाता गेले. जळतात लोक.

१२ जानेवारी
अलार्म किंचाळला. फोडणीमुळे. सुगंधा म्हणाली, आज फोडणी केलीच नाही, दहीभात आहे. मग शेजाऱ्यांची असेल. बॅटरी काढून टाकली. उद्यापासून तिच्याशी शांतपणे बोलायचं.

१५ जानेवारी
डोकं जड. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सुगंधाला मळमळतंय, बाहेरचं खाणं बंद करायला हवं. ती बेडरूममध्येच बसते. आमची लेक रचना मात्र माझ्याजवळ, शेकोटीसमोर. नऊ वर्षांची पोर, पण हल्ली हट्ट नाही, आयपॅड नाही, होमवर्क करता करता सोफ्यावरच झोपते. उबेचा गुण.

१७ जानेवारी
रचना उठेना.

हाक मारली. हलवलं. मान एका बाजूला पडली. मी उठायला गेलो तर पायच उभे राहिनात. ओरडलो. सुगंधा धावत आली, आधी गॅस बंद केला, मग कुकर उचलून खिडकीच्या काचेवर घातला. पोरीला खांद्यावर टाकून खाली गेली, मी भिंत धरत मागोमाग. गाडी तिनेच चालवली. मी मागे, रचनाचं डोकं मांडीवर. श्वास चालू होता. मी तिच्या नाकाशी हात धरून बसलो होतो, सिग्नल लागला की देवाचं नाव घेत होतो. इतका कधी घाबरलो नव्हतो.

१८ जानेवारी, हॉस्पिटल
वाचली. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, घरातला एसी बाहेरची हवा आणत नाही, तीच ती फिरवतो. मी मान हलवली. इनसर्ट काढायला माणूस सांगितलाय. मी हात लावणार नाही.

रचनाला डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी डोकं दुखलं होतं का. म्हणाली, एव्हरी डे. सुगंधाने विचारलं, मग बोलली का नाहीस? तर तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, पप्पा किती हॅपी होता, म्हणून नाही सांगितलं.

मला रडू आलं. तिचा हात धरायला पुढे झालो. सुगंधा म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा, तिला हवा लागू दे.

बाहेर बसलोय.