चितळाच्या खांद्याचा सांधा

महाल, नागपूर
ता. २१ फेब्रुवारी १९६६

ती. गणपतमामांस मधुसूदनचा शिरसाष्टांग नमस्कार. मामीचे गुडघे आता कसे आहेत? शेक चालू ठेवा. तुम्ही शिकारीच्या लायसनवर मारून धाडलेलं चितळ शनिवारी काटोलच्या बशीच्या टपावरून सुखरूप उतरलं. (तुमाले अर्धंच मागितलं होतं, पण तुमचं मन मोठं.)

तुमाले ठाऊकच आहे, लग्नाच्या बैठकीत मी सासऱ्यांपुढं बोलून बसलो होतो का हरणाचा तुकडा न् तुकडा मले वळखू येते. तवा हरीण समोर नव्हतं, बोलाले काय जाते! इकडं दादाजी, म्हणजे सासरेच, काल रविवारी जेवाले येणार होते, अन् मले मुंडीच्या पलीकडं काही समजून नव्हतं राहिलं. फजिती झाली असती तर त्यांच्या लेकीनं, चारुशीलेनं, वर्षभर ऐकवलं असतं.

कातडं कसंबसं निघालं. मागच्या मांडीचा सांधा सापडला. पण पुढचा पाय! खांद्याचा सांधा शोधू शोधू मी कुऱ्हाड बोथट केली. शेजारच्या अंजनाबाई (त्यांचे मालक शिकारी होते) भिंतीवरून पाहून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "काहून गा, नसलेला सांधा तोडून राहिला?" आल्या, पाय उचलला, आतून सुरी फिरवली, अन् खांदा अल्लद हातात! मामा, तिथं पायाचं हाड धडाच्या हाडाले जोडलेलंच नाही, नुसतं मांस. मग ते जनावर उड्या कोणाच्या भरवशावर मारते? मी अर्धा तास स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. (माणसाले सांधा आहे.) पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब मऊ पट्टेही त्यांनीच काढले. मी ते शिरा समजून कुत्र्याले टाकणार होतो.

दादाजी पोटभर जेवले. हात धुताना मले मोरीपाशी ओढून हळूच विचारते, "जावईबापू, खांद्याचा सांधा कुठं असते जी? तीस वर्सं झाली, मले गवसला नाही." मी गंभीरपणे म्हणालो, अनुभवानं सापडते.

मामीले नमस्कार.
तुमचा मधुसूदन

ता. क. दादाजी येत्या रविवारी स्वतःचं हरीण घेऊन माझ्यापाशी शिकाले येऊन राहिले, अन् अंजनाबाई लेकीकडं बेसा गावाले चालल्या. पाया पडतो मामा, शनिवारच्या पहिल्या बशीनं या. चारुशीलेले सांगा, मामीच्या औषधासाठी आलो.

दुसरा ता. क. मामाजींना चारुशीलेचा नमस्कार. यायनं पाकीट चिकटवाले माझ्याच हाती देलं होतं. तुम्ही तरास घेऊ नका. शनिवारी हे कुऱ्हाडीले धार लावाले गेले, तवा दुसरा खांदा अंजनाबाईनं माझ्याच हातानं काढवला. रविवारी मीच शिकवीन, बाबाले अन् यायलेबी. तुम्ही नुसते जेवाले या.