भावोजींचा मोअर तळ्यावर आहे, बाकी सर्व कुशल

प्रिय लॅव्हॉनताई,

तुला मनापासून नमस्कार. भावोजींनाही नमस्कार, पण तो त्यांची रक्तदाबाची गोळी पोटात गेल्यावर आणि ते खुर्चीत नीट टेकून बसलेले असतानाच सांग. तुझा गुडघा कसा आहे? हिवाळा काढायला गेलात त्या उबदार अ‍ॅरिझोनात सकाळी फिरायला जाताना स्वेटर घालावा लागतो असं तू लिहिलंस, ते वाचून वेंडेल आणि मी, आम्ही नवराबायको, बराच वेळ एकमेकांकडे बघत बसलो. इथे परवा माझ्या पापण्या गोठून एकमेकींना चिकटल्या. तरी इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या घरातले नळ गोठलेले नाहीत. छपरावरचं बर्फ वेंडेल वेळच्या वेळी खाली ओढतो. तुझ्या कुंड्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मजेत आहेत, आणि भावोजींचा गवत कापायचा मोअर तळ्यावर आहे.

घाबरू नकोस. तळ्यावर म्हणजे अजून वरच आहे, आत गेलेला नाही. आज मार्चची सुरुवात आहे, पहाटे अजून कडाक्याची थंडी असते, पण दुपारी काठाशी बर्फावर पाणी दिसायला लागलंय. हे मी तुला का सांगतेय ते तू तळ्याकाठीच वाढलेली असल्यामुळे कळेलच. कसंही करून बर्फ तडकायच्या आत मोअर काठाला यायला हवा, नाहीतर भावोजी एप्रिलमध्ये परत येतील तेव्हा गवत कापायला त्यांना गळ टाकून बसावं लागेल.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला राग येईल तो योग्य माणसावर येईल. गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून मासे धरायची आपल्या चर्चची स्पर्धा दर वर्षी जानेवारीत असते आणि तळ्यावरचं बर्फ ढकलून जागा करायचं काम दर वर्षी वेंडेलचं. आमचा मोअर शरद ऋतूतच धूर सोडून वारला. तुमच्या गॅरेजची किल्ली होती आमच्याकडे (नळ बघायला म्हणून दिलेली), आणि आत भावोजींचा तो हिरवा, चकचकीत, बसून चालवायचा, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला उभा होता. साडूचा काय आणि आपला काय, असं वेंडेल म्हणाला. काम झकास झालं हे मात्र मी कबूल करते. मग सगळ्यांनी डबे उघडले आणि आपल्या नव्या पास्टर कॉर्टनी प्रार्थना करायला उभ्या राहिल्या. पोरगी गोड आहे, पण दक्षिणेतल्या जॉर्जियाची. तिकडे बर्फ फक्त सरबतात घालतात. वेंडेलला वाटलं, देवाचं नाव घेतलं जातंय आणि आपलं इंजिन फटफट करतंय, बरं दिसत नाही. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. उणे तीस अंशांत! साठ वर्षं इथे काढलेल्या माणसानं! आणि पास्टरबाईंनी आधी जेवणासाठी प्रार्थना केली, मग स्पर्धकांसाठी, मग माशांसाठी आणि शेवटी माशांच्या घरच्यांसाठी. आम्ही सगळे टोप्या काढून उभे. आमेन झालं तेव्हा माझे कान मला जाणवत नव्हते आणि किल्ली फिरवल्यावर मोअरनं नुसतं 'टक्' म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं गं. ऑरिन तिथेच होता. ऑरिन म्हणजे आमच्या पलीकडच्या घरात राहायला आलेला, टोफ्टेंचा धाकटा. जन्म इथलाच, पण चाळीस वर्षं शिकागोत नोकरी करून परत आलाय, आणि त्याचा तो ट्रक म्हणजे घरासकट माणूस ओढून नेईल असा. त्यानं काठावरून विचारलं, साखळी लावून ओढून देऊ का? वेंडेल म्हणाला, नको नको, होईल आत्ता चालू. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं. वेंडेल म्हणाला, छे, कशाला उगाच तुला त्रास. आता ताई, तुला मी काय सांगायचं? दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा, एवढा आग्रहच असेल तर, म्हणून हो म्हणायचं असतं. आपल्या आईनं तर तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय स्वतःच्या घरात कॉफी घेतली नाही. वेंडेल तिसऱ्या आग्रहाची वाट बघत, हातमोजे काढून साखळी घ्यायच्या तयारीत उभा. आणि ऑरिन चक्क 'बरं' म्हणाला आणि ट्रक घेऊन घरी गेला! मी हबकलेच. नको म्हटल्यावर नको असंच समजणारा माणूस मी या वयात पहिल्यांदा पाहिला. शिकागोत माणसाचं असं होतं. बरं, एकानं विचारायला घेतलं की दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नसतं, त्यामुळे बाकी कोणी विचारेना. आणि आपण होऊन मागायचं? त्यापेक्षा वेंडेल मोअरबरोबर तळ्यात जाईल.

त्या दिवसापासून इंजिन चालू करणं हा माझ्या घरचा धंदा झालाय. बॅटरी थंडीनं मरते म्हणून ती रोज घरात येते. नुसती येत नाही, ती आमच्या पलंगावर, आपल्या आजीनं शिवलेल्या गोधडीखाली झोपते, आणि गोधडी पुरत नाही म्हणून मी सोफ्यावर. तेल गोठून काकवीसारखं झालं होतं. मी चर्चमधून भुकेली येऊन शेगडीवरच्या सूपच्या पातेल्याचं झाकण उचललं तर आत इंजिनचं काळं तेल मंद आचेवर गरम होत होतं, आणि वेंडेल माझ्या डावानं ते ढवळत होता! मी किंचाळले. तो शांतपणे म्हणतो, करपायला नको ना. इंजिनचा स्पार्क प्लग त्यानं ओव्हनमध्ये ठेवला, भाजायला लावलेल्या माझ्या बटाट्याच्या हॉटडिशच्या शेजारी. (हॉटडिश आम्ही खाल्ली. वास होता, पण बटाटे बरे झाले होते.) चोक ओढून झाला, चोक ढकलून झाला, ईथरचा फवारा मारून झाला, त्याचा भडका उडाला त्यात त्याची डावी भुवई गेली. मग गावातल्या होत्या तेवढ्या वायरी एकमेकींना जोडून त्यानं माझा केस वाळवायचा ड्रायर थेट तळ्यावर नेला आणि इंजिनाच्या पोटाशी धरून बसला, तर घरातले दिवे गेले. मी शॉवरखाली होते. साबण लावलेला होता. त्या वेळी मी देवाशी जे बोलले ते पास्टरबाईंना कळता कामा नये.

आणि मग गेल्या आठवड्यात तो चालू झाला! खरंच सांगते. गरम बॅटरी, गरम तेल, गरम प्लग, सगळं जमून आलं. मी थर्मासमध्ये कॉफी घेऊन काठावरून चालत होते आणि खाकरल्यासारखा आवाज आला, मग धूर आला, मग चक्क फटफट सुरू झाली. वेंडेलचा स्वतःचा विश्वास बसेना. मला बघितल्याबरोबर तो आनंदानं ताडकन उठला, दोन्ही हात वर करून ओरडला, आर्डिस, बघ! एवढ्या वर्षांच्या संसारात मी आले म्हणून हा माणूस कधी उठून उभा राहिला नव्हता, तो त्या दिवशी राहिला. आणि इंजिन बंद पडलं. भावोजींच्या मोअरला म्हणे अशी सोय आहे की सीटवरून माणूस उठला की इंजिन आपोआप थांबतं. ही सोय! ज्यानं ती काढली त्याला मला एकदा तळ्यावर भेटायचंय. तेव्हापासून 'टक्'सुद्धा होत नाही. वेंडेल तसाच हात वर करून उभा होता, आणि मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी त्याला कॉफी दिली.

लोक तरी कसे असतात बघ. मोअर कोणत्या दिवशी बुडेल यावर अग्निशमन दलानं पैजेची तिकिटं काढली आहेत. पास्टरबाईंनी इस्टरचा दिवस घेतला. वेंडेलनंही एक घेतलं! मी म्हटलं, अरे माणसा! तर म्हणे, विचारलं त्यांनी, नाही कसं म्हणायचं. इथे बरोबर त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का मला माझाच बसला. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ऑरिन माझ्याजवळ आला. बिचारा कपात बघत बघत म्हणाला, आर्डिस, वेंडेलला माझी मदत नको असेल तर राहू दे, पण मी रोज खिडकीतून बघतो गं, जीव तुटतो. साखळी लावू का मी? म्हणजे हे तिसऱ्यांदा झालं, ताई! देवानं आणून दिलेलं तिसऱ्यांदा! आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? 'छे छे, कशाला, चाललंय आमचं, केक घे ना.' शब्द बाहेर पडल्यावर मी तोंडावर हात ठेवला, पण तो 'बरं' म्हणून केक घेऊन गेला. मला रात्रभर सोफ्यावर झोप लागली नाही.

असो. गुडघ्याला शेक देत जा. भावोजींना सांभाळ.

तुझी धाकटी बहीण,
आर्डिस

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की तू ऑरिनला फोन कर. सहज केल्यासारखा. आधी हवेचं बोल, मग त्याच्या ट्रकचं, मग म्हण, काय रे, वेंडेलला आणखी एकदा विचारून बघ की. माझं नाव काढू नकोस. काठाचं पाणी वाढतंय, म्हणून लवकर कर.

आणखी ता. क. फोन करू नकोस! पाकीट चिकटवणार तेवढ्यात ऑरिन दारात. टोपी हातात, चेहरा पडलेला. वेंडेलला म्हणतो, लेका, माझा ट्रक सुरू होईना. थंडीत इंजिन कसं चालू करायचं हे गावात तुझ्याइतकं कोणाला कळतं? मी थक्क. हिवाळाभर ज्याला एक इंजिन धड चालू करता आलं नाही तो माझा नवरा, एकदा विचारल्याबरोबर बॅटरी काखेत, पातेलं हातात, असा धावला. (आणि तो ट्रक सकाळीच पोस्टात जाऊन आलेला मी या डोळ्यांनी बघितला होता.) ट्रक पहिल्याच किल्लीला सुरू झाला. मग ऑरिन म्हणाला, आता ओढतोय का ते बघायला पाहिजे, पण ओढायला काहीतरी हवं. दोघंही तळ्याकडे बघत राहिले, जणू आजच खोदलंय. साखळी ट्रकच्या मागे लावूनच ठेवलेली होती. काठावर ट्रक उभा राहिला, साखळी ताणली, आणि मोअर बर्फाचं मोठं ढेकूळ घेऊन सुखरूप वर आला. ऑरिननं वेंडेलचा हात धरून त्याचे आभार मानले. वेंडेल म्हणतो, त्यात काय एवढं, शेजारी असतात कशाला? मी आत जाऊन थोडं रडून घेतलं.

शेवटचं ता. क. आता एवढं लिहिलंच आहे तर हेही. तुम्ही निघालात त्या दिवशी भावोजी वेंडेलला दोनदा म्हणाले होते, मोअर लागला तर खुशाल ने. वेंडेल दोन्ही वेळा नको म्हणाला. ते तिसऱ्यांदा विचारणारच होते, पण तू गाडीत बसून हॉर्न वाजवत होतीस. म्हणजे बघायला गेलं तर यात चूक थोडी तुझीसुद्धा आहे. तर भावोजींना म्हणावं, पत्र मिळताच एक फोन करा आणि मोअर हवाय का, असं वेंडेलला आणखी एकदा विचारा. तो फोनपाशीच बसून आहे, जेवतसुद्धा नाही. तो हो म्हणणार आहे. मोअरचं पातं वाकलंय, ते त्यानंतर सांगेल.