महादेवरावांची खुर्ची

सोमवार, ४ नोव्हेंबर

डब्यात दिवाळीचे शंकरपाळे, अंगावर नवी साडी आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी! मलकापूरच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये आजपासून मी हिशेबनीस. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.कॉम. शेखर गेल्यावर मुक्त विद्यापीठातून पूर्ण केलं. इतकी वर्षं कुणाची सून, शेखरची बायको, अपेक्षाची आई. पदवीवर मात्र मी संजीवनी. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, आता लोक तुला तुझ्या नावाने ओळखतील. डोळे भरून आले.

राहायला ऑफिसच्या वरचीच खोली मिळाली आहे. अंगणात कापसाचे ढीग, हवेत तरंगणारे तंतू. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होतात.

शिपाई कडूबाभाऊंनी चहा ठेवला तो ‘घ्या महादेवराव’ म्हणतच. मी हसत सुटले. ही इथली रीत आहे, ते म्हणाले. मालकांच्या आजोबांच्या काळात महादेवराव नावाचे मुनीम होते. तेव्हापासून या खुर्चीत बसेल तो महादेवराव. “शेतकऱ्याले दर साली नवं नाव काऊन सांगत बसा? काटा झाला का महादेवरावकडे जा, बस!” मालक देवानंदभाऊसुद्धा मला तसंच म्हणतात. गंमतच आहे!

११ नोव्हेंबर

पुस्तकातल्या उदाहरणांत माल नेहमी कोरडा असतो. इथे काट्यावर गाडीचं वजन होतं, ओलाव्याची कपात होते आणि चिठ्ठी घेऊन चिडलेला माणूस थेट माझ्या टेबलाशी येतो. आज जळगाव जामोदच्या गीताबाई कडाडल्या, “महादेवराव, मागल्या सालीबी तुम्ही असंच केलं होतं!” मी नवीन आहे, म्हटलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “हाव, अन् मी काल जन्मली.”

सगळे हसले. मीही हसले.

१९ नोव्हेंबर

मागचे हिशेबनीस कोण होते, असं सहज विचारलं. कडूबाभाऊ म्हणाले, महादेवराव. त्यांचं खरं नाव? त्यांना काही केल्या आठवेना. मग ते गेले कुठे? “जातीन कुठी? हे काय बसले न.”

टेबलाच्या खणात वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे आहेत. एक बायकी मनगटी घड्याळही आहे.

आज अकोल्याचं कॉन्व्हेंट फार आठवलं. हिवाळ्यातली कोवळी उन्हं, मेणाच्या पॉलिशचा वास, सिस्टर रोझलिनची हजेरी. माझी पाळी आली की मी ताठ उभी राहायची. सिस्टरांचा चेहरा लख्ख दिसला, ओठ हललेले दिसले. त्यांनी कुणाला हाक मारली, तेवढं मात्र ऐकू आलं नाही.

२७ नोव्हेंबर

कडूबाभाऊंनी तंबाखू मळून न विचारता पुढे केली. मी घेतली. मी! आणि चव ओळखीची वाटली.

देवानंदभाऊंना स्पष्ट सांगितलं, कृपा करून मला संजीवनी म्हणा. त्यांनी मनापासून मान डोलावली. दारातून वळून म्हणाले, बरं, महादेवराव.

बांगड्या हाताला रुतायला लागल्या, काढून ठेवल्या.

५ डिसेंबर

अपेक्षाचा फोन आला. मी भरभरून बोलले. ती अदबीने म्हणाली, काका, जरा आईला फोन देता का?

अगं, मीच — मीच आहे, म्हणत राहिले. तिने घाबरून फोन ठेवला.

भुवया धुतल्या. साबण लावून धुतल्या. पांढऱ्याच.

९ डिसेंबर

पळाले. स्टेशनपर्यंत गेलेही. आरक्षणाच्या खिडकीवर नाव विचारलं. ओठांवर स आला — पुढे काहीच नाही. मागून एक जण म्हणाला, “काका, सोताचंच नाव आठवून नाही राह्यलं काय? लिहून आणा न घरून!” रांग हसली. पाय आपोआप इकडेच वळले. फाटकात कडूबाभाऊ. “महादेवराव, ऐन सीझनमंधी कुठी चालले होते?”

अपेक्षाचा निरोप — आई, फोन का उचलत नाहीस? रविवारी येते, तुला घेऊनच जाते.

ये गं. लवकर ये. तोवर लिहीत राहते. संजीवनी. संजीवनी. संजी —

१३ डिसेंबर

हे नाव कुणाचं? वर कुणीतरी लिहून ठेवलंय. अक्षर सुरेख आहे. कॉन्व्हेंटचं —

रविवार, १५ डिसेंबर

पहाटेपासून काटा चालू. लवकर खाली उतरलो. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत.

एक मुलगी आली आहे. शहरातली दिसते. कुणा बाईची चौकशी करत फिरते. कडूबाने सांगितलं, अशी बाई इथे कधी नव्हतीच. माझ्या टेबलाशी आली, माझ्या मनगटांवरच्या बांगड्यांच्या वळांकडे बघतच राहिली. रडली. पाणी दिलं. बस पोरी, म्हणालो. घाबरून मागे सरकली.

आता अंगणात उभी राहून ढिगांकडे बघत हाका मारते आहे. आई. आई.

कुणाची आई — छातीत का दुखतंय —

फाटकाकडे निघाली. तिला थांबवायला हवं. का, ते — तिचं नाव मला — अपे —

समोर चिठ्ठी धरून माणूस उभा. महादेवराव, लवकर करा न, म्हणतो. थांब रे, जरा थांब, ती फाटकाबाहेर —