जुनाच आसा ता

प्रिय बाबा,

गावी विमा कंपनीच्या नावाने पेढे वाटलेत म्हणे! अहो, कंपनीने एक रुपया दिला नाही.

मुंबईला माझ्याकडे असताना तुमच्या छातीत कळ आली त्या दिवशी घोडपदेवपासून हॉस्पिटलपर्यंत मी टॅक्सीत रडत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "काय नाय गो, जुनाच आसा ता." जन्मात पहिल्यांदा दुखत होतं तुमचं! पण डॉक्टर निघाला मालवणचा. त्याला सगळं कळलं आणि त्याने कागदावर 'जुना आजार' लिहिलं. कंपनी म्हणाली, पॉलिसी घेताना आजार लपवलात, क्लेम नामंजूर.

माझ्या पाटल्या मोडून बिल भरलं आणि तुम्हाला सांगितलं, कंपनीने भरलं. इतकी चिडले होते तुमच्यावर! मग लक्षात आलं, तुम्ही ते डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं.

हे पत्र काही पाठवणार नाही. वाटलेले पेढे परत कसे मागणार? काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आवाज असो कित्याक गो तुझो?"

मी म्हटलं, "काय नाय ओ बाबा, जुनाच आसा ता."

तुमच्यावरच गेलेली,
सुचित्रा