आयर्नबार्कवरचा टिकटिक्या

बराबा,
१४ जानेवारी १९९७

प्रिय नोएलीन,

सुखरूप पोचली असशील. इथे जानेवारीचा उन्हाळा अजून भाजतोय. तू आणलेल्या हॅमचं हाड कुत्री कालपर्यंत चघळत होती.

आधी एक दुरुस्ती. ख्रिसमसला तू त्याला टोळ म्हणालीस. टोळ नव्हे, सिकाडा. त्यातही आपला टिकटिक्या, बोटाच्या पेराएवढा, आयर्नबार्क निलगिरीच्या शेंड्याला बसणारा. नर गातो, मध्येच थांबतो. त्या थांब्यात मादी पंख झटकून एकच ‘टिक्’ करते आणि नर तिच्याकडे येतो. हे मला कोणी शिकवलं नाही. झाडाखाली मान दुखेपर्यंत उभा राहून मी शिकलो.

म्हणूनच तीन उन्हाळे रान मुकं वाटलं तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. टिकटिक्या संपला, मग झाडं ठेवून काय करायचं? डोझरवाल्या ट्रेव्हरला रान तोडायला होकार देऊन टाकला. डोझर नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी यायचा होता.

आणि ख्रिसमसच्या जेवणानंतर तू झाडाखाली जाऊन म्हणालीस, “बाप रे, काय हा कल्ला! कॉलिन, तुझं डोकं कसं उठत नाही रे?”

“कसला कल्ला?”

“पुरे तुझी नाटकं!”

मी तुला मूर्ख म्हणालो. तू लहानपणी मी शिकवली होती तशी, मादीच्या ‘टिक्’सारखी चुटकी वाजवलीस. थांबून पुन्हा वाजवलीस. टिकटिक्या खाली आला, तुझ्या बाहीवर बसला. त्याचं पोट थरथरताना मला स्पष्ट दिसत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

“रान मुकं नाही झालेलं रे,” तू हळूच म्हणालीस. मी निरोपही न घेता घरात गेलो.

सोमवारी ट्रेव्हरला फाटकातूनच परत पाठवलं.

“खुळावलास की काय, कॉलिन?”

“हो. चहा घे आणि डोझर वळव.”

झाडं उभी आहेत, नोएलीन. तुझ्यामुळे.

टॅमवर्थला कान तपासून आलो. यंत्र मिळेल, पण इतका बारीक सूर त्यातूनही येईलच असं नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, ते बरं केलं.

तेव्हा उन्हाळा सरायच्या आत एकदा ये. ऊन शेंड्यावर चढलं की माझ्या शेजारी उभी राहा. तो गायला लागला की माझ्या दंडाला हात लाव. तू म्हणशील ते मी मानेन.

वयाने थोरला भाऊ, तरी तुझा ऋणी,
कॉलिन